सोलापुरात चार रात्री, राहायचा खर्च ३८१० रुपये

सोमवार

आमची कुलस्वामिनी तुळजाभवानी, त्यामुळे सोलापूर मी लहानपणापासून बघतेय पण ते फक्त एसटी स्टँडएवढंच. दर दोन वर्षांनी तुळजापूरला जायचं, सोलापूरला बस बदलायची, स्टँडबाहेर चहा प्यायचा आणि पुढे. आईचं तर चाळीस वर्षं हेच चाललंय. तिच्या लग्नात आलेली सोलापुरी चादर अजून आमच्या घरात वापरात आहे आणि तिने सोलापूर बघितलेलं नाही, हे मला खूप दिवस टोचत होतं. म्हणून यावेळी ठरवलं, मुक्काम सोलापुरातच करायचा, शहर नीट बघायचं आणि तुळजापूर मधल्या एका दिवसात जाऊन यायचं. राहायला चार रात्रींचे मिळून ४००० रुपये, त्याच्या वर जायचं नाही कारण मला पुढच्या महिन्यात गाडीचा इन्शुरन्स भरायचाय आणि आईला माझ्या पैशाची माझ्याहून जास्त काळजी.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा मुद्दाम निवडला. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा खोल्यांचे भाव वेगळेच असतात, आणि एप्रिलनंतर सोलापूरचं ऊन आईला झेपलं नसतं.

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली. ती रात्री दहाच्या सुमाराला पोचते. पहिला विचार स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमचा होता, ती रेल्वेच्या साइटवरून बुक होते, कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो. रात्री उशिरा पोचणाऱ्या दोन बायकांना यापेक्षा चांगली सोय नाही, पण मी तिकीट काढलं तीन आठवडे आधी आणि रूम बघितली निघायच्या दोन दिवस आधी, तोपर्यंत सगळं फुल्ल. तिकीट काढाल त्याच दिवशी रूमपण बघा, एवढंच सांगेन.

मग एका ॲपवर स्टेशनजवळचा एक लॉज ८९९ ला दिसला, फोटो छान, पैसे तिथे गेल्यावर द्यायचे, बुक केला. रात्री साडेदहाला काउंटरवर उभ्या राहिलो तर मॅनेजर म्हणतो ॲपचा रेट आम्हाला परवडत नाही, ती खोली आता नाही, एसी आहे १८०० ची, घ्यायची तर घ्या. मी फोनवरचं कन्फर्मेशन दाखवलं, त्याने बघितलंसुद्धा नाही. अशा वेळी थकलेलं माणूस हो म्हणतं आणि त्यांना तेच हवं असतं. आई बॅगेवर बसली होती, तिचे गुडघे दुखत होते, मला आतून रडायला येत होतं, पण मी बॅगा उचलल्या आणि बाहेर आले. कारण दुप्पट पैसे देऊन त्याच माणसाकडे रात्र काढायची हे मला पटेना.

बाहेर एक रिक्षावाले काका उभे होते, वयस्कर. "कुठं जाऊलालाव ताई एवढ्या रात्री?" सोलापूरची ही बोली मी पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकली. सगळं सांगितलं तर म्हणाले, "बसा की. दोन ठिकाणी नेतो, खोली बघा, पसंत पडली तर ऱ्हावा." रिक्षावाल्याला लॉजकडून कमिशन असतं हे मला माहितीय, असू दे, पण त्यांनी खोली बघा हे स्वतःहून म्हटलं म्हणून बसलो. दुसऱ्या ठिकाणी जमलं. १२०० आणि वर जीएसटी ६०, म्हणजे १२६०. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला आता ५ टक्के लागतो, सप्टेंबर २०२५ च्या आधी तो १२ टक्के होता, त्यामुळे बिलावर १२ दिसले तर विचारा. खोली स्वच्छ, आतून कडी घट्ट, टॉयलेट वेस्टर्न. चेक-आउट मात्र सकाळी १० ला. अकरा तासांचे १२६० झाले हिशोबाने, पण त्या रात्री मला ते जास्त वाटले नाहीत.

मंगळवार

दहाच्या आत खोली सोडली. जवळच्या एका हॉटेलात इडली-चटणी खाल्ली, आईला बॅगांसकट तिथेच बसवलं, मालकाला विचारून, आणि मी एकटी खोली शोधायला निघाले. स्वस्त आणि चांगली खोली दिवसाउजेडी पायी फिरूनच सापडते असं माझं मत झालंय. फोटोत ना वास येतो ना आवाज.

सोलापुरात लॉज मुख्यतः स्टेशनच्या बाजूला, एसटी स्टँड आणि शिवाजी चौकाच्या आसपास, आणि नवी पेठ-पार्क चौक या मधल्या भागात. सात रस्ता, होटगी रोडकडे थोडी महाग आणि नवी हॉटेलं, ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना ते बरं. आम्हाला पायी फिरता येईल असं मधलंच हवं होतं.

पहिला लॉज स्टँडसमोर, ६०० रुपये, कॉमन बाथरूम. खोली वाईट नव्हती पण खिडकी स्टँडकडे, मी पाच मिनिटं उभी राहिले तेवढ्यात हॉर्न आणि कंडक्टरांच्या आरोळ्या, आई झोपलीच नसती. कॉलेजची मुलं किंवा परीक्षेला आलेला माणूस, एका रात्रीसाठी ठीक आहे. दुसरा ७०० ला, सगळं छान, पण टॉयलेट भारतीय पद्धतीचं. आईला ते आता जमत नाही आणि ही गोष्ट कुठल्याच फोटोत दिसत नाही, फोन करून स्पष्ट विचारावी लागते. तिसऱ्या ठिकाणी खोली दाखवायच्या आधी आधार कार्ड मागितलं. मी म्हटलं आधी खोली, तर नाही म्हणाले, मी निघाले. चौथा १००० ला, सगळ्यात चकाचक, पण तिसरा मजला आणि लिफ्ट बंद.

एव्हाना साडेअकरा झाले होते. नवी पेठेत एका दुकानात शेंगा चटणी घ्यायला थांबले, म्हणजे खरं तर सावलीत उभं राहायला. दुकानातल्या बाईंना सहज विचारलं की आईला घेऊन तीन रात्री राहायचंय, बायकांना बरी अशी जागा आहे का. त्यांनी मागच्या बोळातला एक जुना लॉज सांगितला, म्हणाल्या त्यांच्याकडे लग्नाचे पाहुणे उतरतात. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटलं, कारण ज्या लॉजवर गावातली माणसं आपल्या घरचे पाहुणे ठेवतात तिथे डोळे झाकून जावं.

नऊ खोल्यांचा लॉज. खाली मालक राहतात, काउंटरवर साठीच्या काकू. बोर्डावर लिहिलेलं "चेक-आउट २४ तास". मला हा शब्द बघूनच बरं वाटलं कारण आम्ही मंगळवारी दुपारी बारा वाजता आत गेलो तर शुक्रवारी पहाटे निघेपर्यंत बरोबर तीनच दिवस लागणार होते. बारा ते बारा किंवा दहा ते दहा असलं की उशिरा पोचणाऱ्याचा अर्धा दिवस फुकट जातो, आणि स्वस्त म्हणून घेतलेली खोली महाग पडते.

काकूंनी न मागता खोली दाखवली. तळमजल्यावरची, दोन कॉट, वेस्टर्न टॉयलेट, खिडकी मागच्या अंगणात. मी पाण्याचं विचारलं. सोलापूरला पाणी उजनी धरणावरून येतं, शंभरेक किलोमीटरची पाईपलाईन, आणि गावात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. म्हणजे लॉजची टाकी किती मोठी आणि बोअर आहे का, हा इथे पलंगापेक्षा मोठा प्रश्न आहे. काकूंनी मला मागे नेऊन जमिनीखालचा हौद दाखवला, झाकण उघडून. "बघा की, भरलाय. बोअर बी हाय. गरम पाणी सोलरचं, सकाळी नऊपर्यंत, नंतर मागू नका."

भाव ९५०. मी म्हटलं तीन रात्रींचे रोख आत्ताच देते, तर ८५० वर आल्या, एकूण २५५०. जीएसटी नाही, कारण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर अशा छोट्या धंद्याला नोंदणी लागत नाही, हाताने लिहिलेली पावती दिली. आधारची कॉपी मागितली ती मी मास्क्ड दिली, ज्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, ती आधारच्या साइटवरून डाउनलोड होते, दोन प्रिंट कायम बॅगेत ठेवाव्या. काकूंनी ती निमूट घेतली आणि रजिस्टरमध्ये आईचं नाव लिहिताना विचारलं, "अक्का, गुडघं लई दुखत्यात का?" आणि एक जास्तीची उशी पाठवली.

मग आईला रिक्षाने आणलं. ती पलंगावर बसली, चादर हातात घेतली, उलटी करून बघितली. सोलापुरीच होती. दोन्ही बाजूंनी नक्षी दिसते, रंग आलटून-पालटून. म्हणाली, इथे नीट झोप लागेल.

संध्याकाळी सिद्धेश्वर मंदिर. हे शहर मला खरं कळलं ते तिथे. तलावाच्या मधोमध मंदिर, पाण्यातून रस्ता, कडेला भुईकोट किल्ल्याची तटबंदी आणि उजेड कमी होत जातोय. १२ व्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, त्यांनी शहरात आणि भोवती ६८ लिंगं स्थापली असं मानतात. यात्रेत त्या लिंगांना नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, नेऊन तैलाभिषेक करतात, मग संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न होतं, पांढरे बाराबंदी घातलेले हजारो लोक. आम्हाला ते काही बघायला मिळणार नव्हतं पण एका आजोबांनी आईला सगळं समजावून सांगितलं, अर्धं मराठीत अर्धं कानडीत, आणि आई मान डोलवत होती.

बुधवार

तुळजापूर. सोलापूरहून ४५ किलोमीटरच्या आसपास, एसटी सारख्या सुटतात. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा हे देवीच्या गर्दीचे वार, म्हणून बुधवार धरला होता. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आम्ही दोघी मिळून एका माणसाच्या पैशात गेलो आणि आलो.

दर्शन दीड तासात झालं. आमच्या पुजाऱ्यांच्या घरी गेलो, तिथे नेहमीसारखं राहायचा आग्रह झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तुळजापुरात पिढ्यान्पिढ्या भक्त आपापल्या पुजाऱ्यांच्या घरीच उतरतात, जेवण तिथेच, आणि दक्षिणा आपल्या ऐपतीप्रमाणे. फक्त दर्शनाला जाणार असाल तर तेच सगळ्यात स्वस्त आणि घरगुती. तसंच अक्कलकोटला देवस्थानाचं भक्त निवास, अन्नछत्र मंडळाचं यात्री निवास आहे आणि महाप्रसाद मोफत असतो. पंढरपूरला मंदिर समितीचं भक्त निवास आहे, गजानन महाराज संस्थानाचंही आहे. पण हे सगळं देवाच्या गावांत. मधल्या सोलापुरात मात्र कुणी थांबत नाही, सगळे बस बदलतात, आणि मला राहून राहून वाटतं की दोन रात्री इथे काढून अक्कलकोट-तुळजापूर दोन्ही करता येतं, अक्कलकोट तर चाळीसच्या आत-बाहेर किलोमीटर आहे. बॅगा रोज उचलाव्या लागत नाहीत हे म्हाताऱ्या माणसासोबत फिरताना केवढं मोठं सुख आहे ते मला या वेळी कळलं.

रात्री खानावळीत जेवलो. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, पिठलं. कडक भाकरी चुरून खायची असते, मी ती तोडत बसले होते तर वाढणाऱ्या दादांनीच शिकवलं.

गुरुवार

आज अक्कलकोटचा विचार होता पण गुरुवार म्हणजे स्वामींचा वार, गर्दी, आईला उभं राहवणार नाही, म्हणून सोडला. पूर्ण दिवस शहराला दिला.

सकाळी चार पुतळा चौक. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. आम्ही ज्या गाडीने आलो ती हुतात्मा एक्स्प्रेस यांच्या नावाची. इतकी वर्षं हुतात्मा, हुतात्मा म्हणतोय, रिझर्वेशन करतोय आणि ही चार नावं मला सलग माहीत नव्हती. आईने चौघांना हात जोडले. तिथून महापालिकेची इंद्रभवनची इमारत बाहेरून बघितली, त्या कोरीव कामासमोर उभं राहून मान दुखली. मग भैय्या चौकाकडे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक. सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेला मुलगा डॉक्टर होऊन १९३८ मध्ये चीनला जखमी सैनिकांवर उपचार करायला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच गेला, वयाच्या ३२ व्या वर्षी. आई तिथे बराच वेळ काहीच बोलली नाही.

दुपारनंतर पूर्व भाग, अशोक चौकाच्या बाजूला. इकडे दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू दिसायला लागतं, पद्मशाली समाजाची मोठी वस्ती, पिढ्यान्पिढ्या विणकाम. गल्लीत शिरलं की यंत्रमागाचा खटखट आवाज सुरू होतो आणि थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा होतो. एका कारखान्यात विचारून आत गेलो. वर जकार्डची पंच केलेली पुठ्ठ्यांची माळ फिरते, त्या भोकांप्रमाणे धागे वर-खाली होतात आणि खाली नक्षी उतरत जाते. आई त्या मागाजवळून हलेना. तिथले मामा म्हणाले आता चादरीपेक्षा टॉवेल जास्त निघतो, चादरीचे माग कमी झालेत, पोरं यात यायला तयार नाहीत. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे पण बाहेर त्याच नावाने भलताच माल विकला जातो. त्यांचं म्हणणं होतं की चादर हातात घेऊन वजन बघा आणि उलटी करून बघा. आई म्हणाली, मी तेच करते.

दोन चादरी घेतल्या, तिथूनच. राहायच्या पैशात जे वाचलं ते तिकडे गेलं आणि आईने पहिल्यांदाच पैशाबद्दल काही म्हटलं नाही.

रात्री काकूंना सांगून ठेवलं की पहाटे साडेपाचला निघणार. हे आदल्या दिवशी सांगायलाच हवं, कारण अशा लॉजचं शटर रात्री अकराला खाली येतं आणि सकाळी उघडायला माणूस झोपलेला असतो. रिक्षापण त्यांनीच सांगून दिली, सोमवारी रात्रीचे तेच काका निघाले, काकूंच्या ओळखीचे.

शुक्रवार

साडेपाचला काकू स्वतः उठून बसल्या होत्या. चहा दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. पहिल्या रात्रीचे १२६० आणि इथले २५५०, मिळून ३८१०. मी आईला आकडा सांगितला तर ती काकूंकडे वळून विचारते, संक्रांतीला खोली मिळेल का हो, मला ती अक्षता बघायचीय.

"गड्ड्यात व्हय अक्का? तवा आमचे नेहमीचे लोक येत्यात. दसरा झाला की फोन करा. तुमच्यासाठी हीच खोली ठेवते, भाव जरा जास्त लागंल बघा."

आई म्हणाली, लागू दे. आणि मी रिक्षात बसल्या बसल्या फोनमध्ये दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा रिमाइंडर लावला.